झाड उभं हाये का?

रंधा मशीन घ्यायला आम्ही यवतमाळला गेलो, तेव्हा माझ्या वहीत प्रश्नांची दोन पानं भरलेली होती. बाबांचा प्रश्न एकच होता. माझ्या सगळ्या प्रश्नांना दुकानदाराने खुर्चीतून पुढे वाकून उत्तरं दिली. बाबांच्या प्रश्नाला तो हसला, आणि त्याच्यासोबत मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. बाबा घाटंजीचे जुने वाढई. तिफण, वखर, बैलगाडी, पाळणा, दाराची चौकट, म्हणाल ते त्यांच्या हातून झालेलं. अंगणातल्या कडुनिंबाजवळ टिनाचं छप्पर होतं, तेच दुकान आणि तोच कारखाना. मी मात्र त्या छपराखाली कधी रमलो नाही. रंधा मारताना लाकूड कुठे उखडेल याचा नेम नाही, करवत कुठे भरकटेल याचा नेम नाही, आणि बाबा शेजारी उभे राहून नुसतं हुं हुं करणार. त्या हुंकाराने माझं डोकं फिरायचं. म्हणून लग्नाआधीच मी कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो. तिथे मशीनला तेल दिलं, पट्टा ताणला, की ते सांगितलं तेवढं काम करायचं आणि वर काही बोलायचं नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्या वर्षांबद्दल शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, मी आपलं आमच्या अंगणातून दिसलं तेवढंच सांगतो. जिनिंग आधी हंगामभर चालायचं, मग दोन महिने चाललं, मग गेटला कुलूप लागलं. आठवडी बाजारात बैल विकणारे वाढले, घेणारे दिसेनात. बैलच नाही तर गाडी कशाला आणि तिफण कशाला? वाढयाच्या वाट्याला उरलं काय, तर चौकटी, दारं, खिडक्या आणि दिवाण. आणि नेमका त्याच वेळी बाबांचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होताच, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे.

असा मी पस्तिशीत, फिटरचे हात घेऊन, वाढयाच्या छपराखाली परत आलो.

रंधा मारणं हे खांद्याचं काम. बाबांचा खांदा नाही आणि माझ्या खांद्याला अक्कल नाही, अशी आमची जोडी. मी फळी रंधून द्यायचो, बाबा तिच्यावरून तळहात फिरवायचे आणि एखाद्या जागी थांबून म्हणायचे, "इथं खड्डा हाये." मी तिथला उंचवटा काढायचो, तर खड्डा दुसरीकडे सरकायचा. फळी दीड इंचाची घेतली तर सपाट होईपर्यंत पाऊण इंच उरायची. एकदा माझ्या बायकोने तयार दिवाणावर हात फिरवला आणि म्हणाली, "यावर झोपाचं हाये का कपडे धुवाचे?" मी तिच्यावर ओरडलो. चूक तिची नव्हती.

तेव्हा मशीनचं डोक्यात आलं. एका बाजूने खडबडीत फळी आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती एकसारख्या जाडीची, गुळगुळीत होऊन बाहेर येते. जिनिंगमधल्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

निवडायला मला दोन महिने लागले. मी वहीत रकाने आखले. रुंदी किती, पाती किती, पातं बोथट झालं की उलटून लावता येतं का, फळीच्या टोकाशी खड्डा पडतो का, मोटर कुठली, वजन किती. पांढरकवड्याला एकाकडे मोठं ओतीव लोखंडाचं मशीन होतं, ते पाहायला गेलो. दुसऱ्या एकाकडे आर्णीला जुनं मशीन होतं, तेही पाहून आलो. प्रत्येक वेळी परत येऊन बसस्टँडमागच्या चाचांसमोर वही उघडायची. चाचा मोटरींचं वाइंडिंग करायचे. त्यांच्या दुकानाचं दार बाबांच्या हातचं होतं, म्हणून आमच्यासाठी त्यांच्याकडे वेळच वेळ असायचा.

चाचांनी माझी वही चष्मा वर करून वाचली आणि खाली ठेवली.

"भाऊ, मोठं मशीन घेशीन तं थ्री फेज लागते. थ्री फेज तुले कोन देऊन राह्यलं? आन देल्लं तरी लाइट कुठी हाये?"

बरोबरच होतं. त्या दिवसांत आमच्या वॉर्डातली लाइट सकाळी जायची ती दुपारी उगवायची आणि संध्याकाळी पुन्हा जायची. आली तरी इतकी मंद, की चाचांच्या भाषेत बल्ब बिमार होता. ते म्हणाले, "बिनब्रशची मोटर या वोल्टेजवर हुं हुं करत बसते आन जळते. ब्रशवाली घे. आवाज लय करते, ब्रश बदला लागते, पन उठते तं सही." मग त्यांनी खरा मुद्दा काढला. त्यांचं दुकान दुसऱ्या लाइनवर होतं. आमच्याकडे अंधार असला की त्यांच्याकडे उजेड असायचा. "मशीन असं घे का उचलता आलं पाह्यजे. जिकडं लाइट तिकडं मशीन."

हे मला इतकं पटलं, की वहीतले बाकीचे रकाने मी तिथेच खोडले. दोन बाजूंना दोन मुठी असलेलं, एका माणसाला पोटाशी धरून उचलता येणारं, मोपेडवर सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधता येणारं मशीन. बस्स. दोन महिने डोकेफोड करून मी मशीन निवडलं ते वजनावर. ही अशी निवड आमच्याच भागातला माणूस करणार, आणि ती मला फार हुशारीची वाटली.

यवतमाळच्या दुकानात तसं मशीन होतं. दुकानदाराने सागाची एक ओबडधोबड फळी आत सारली. मशीन अशा आवाजात किंचाळलं, की रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. फळी बाहेर आली ती काचेसारखी. मी भाळलोच. बाबांनी ती फळी मांडीवर घेतली. तळहात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला. मग उलटा आणला. पुन्हा नेला, पुन्हा उलटा आणला. मग मान वर करून, दुकानदार जिकडे उभा होता त्याच्या जरा बाजूला पाहत, त्यांनी विचारलं, "हे मशीन लाकडाले कोनत्या अंगानं खाते? बुंध्याकडून का शेंड्याकडून?"

दुकानदार म्हणाला, "बावाजी, मशीनले काय समजते बुंधा न शेंडा? जिकडून द्याल तिकडून खाईन."

तेव्हाचं ते हसणं.

हा बुंध्याचा प्रकार सांगायला हवा. आमच्याकडे लाकूड उभं बसवायचं तर ते झाड उभं होतं तसंच बसवतात, बुंधा खाली, शेंडा वर. उलटं बसवलं तर ते घर उलटं, असं मानतात. म्हणून दाराच्या चौकटीचे जे दोन उभे खांब असतात, त्यांना आम्ही बाह्या म्हणतो, त्यांचा बुंधा कुठला हे वाढयाला माहीत असावंच लागतं. चौकट बसवायच्या दिवशी घरची बाई दोन्ही बाह्यांच्या पायाशी पाणी घालते आणि सगळ्यांसमोर वाढयाला विचारते, "वाढईबावा, झाड उभं हाये का?" वाढई म्हणतो, "उभं हाये." तेव्हाच हळदकुंकू लागतं.

नव्या लाकडाचा बुंधा कोणीही सांगेल. जुन्या, चार हात फिरलेल्या, दोन्हीकडून कापलेल्या लाकडाचा बुंधा बाबा तळहाताने सांगायचे. बुंध्याकडून शेंड्याकडे हात नेला तर सरकतो, उलटा आणला तर अडतो, एवढंच ते सांगायचे. मी कितीदा हात फिरवून पाहिला. मला दोन्हीकडून नुसतं लाकूड लागायचं. आणि छपराखाली त्यांची एक रीत होती. लाकूड आत आलं की त्याचा बुंधा कडुनिंबाकडे. रंधताना, कापताना, ठेवताना, बुंधा नेहमी कडुनिंबाकडे. त्यांना कधी निशाणी करावी लागली नाही, कारण त्यांचं लाकूड कधी त्या छपराबाहेर गेलंच नाही.

मशीन आलं आणि पहिले काही महिने मजेत गेले. सगळे दिवाण होते. दिवाणाच्या फळ्या आडव्या, त्यांना बुंधा आणि शेंडा नसतो. मी मशीन मोपेडवर बांधायचो, फळ्या हातगाडीवर टाकायचो आणि चाचांच्या दुकानासमोर मांड ठोकायचो. बाबा फळ्या हातात घेऊन म्हणायचे, "साफ झाली." एवढीच दाद. मला ती पुरेशी होती. खरं सांगतो, त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी त्यांच्या कामाचा आहे.

मग याडी आली. याडी म्हणजे आई, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. रस्त्याच्या पलीकडच्या तांड्यातली ही म्हातारी, सगळेच तिला याडी म्हणायचे. तिच्या लेकाने जुनं मातीचं घर उतरवून विटांच्या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. जुन्या घराची सागाची मयाल, म्हणजे आढ्याखालची मोठी आडवी तुळई, ती याडी उसन्या बैलगाडीवर टाकून घेऊन आली.

"या मयालीखाली माहे चार लेकरं झाले," ती बाबांना म्हणाली. "दारात हेच लाकूड पाह्यजे वाढईबावा. दुसरं नाही लागत मले."

बाबा खूश झाले. मी त्यांना बऱ्याच दिवसांनी तसं पाहिलं. आरा मशीनवर मयाल मधोमध कापून आणली, प्रत्येक अर्ध्यातून एक बाही काढली, उरलेल्यातून उंबरठा आणि वरची गणेशपट्टी. बाबांनी आधी सगळे खिळे चाचपून काढायला लावले. मग दोन्ही बाह्या गुडघ्यावर घेऊन त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली, डोळे मिटून, घाई नाही. मग चुलीतला कोळसा मागवला आणि दोन्हींच्या एका टोकाला मोठी फुली मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निशाणी केली असेल, कारण पहिल्यांदाच चौकटीचं लाकूड कडुनिंब सोडून चाललं होतं.

"फुली तिकडं बुंधा," ते म्हणाले. "निशानी सांभाळजो."

"हो ना बाबा," मी म्हणालो. ट्यूब ताणता ताणता.

त्या दिवशी चाचांकडची लाइट अकराला जाणार होती. मी पोहोचलो तेव्हा सव्वादहा झालेले. मशीन मांडलं, पातं पाहिलं, आणि एकामागून एक लाकडं सारायला लागलो. एक अंग झालं की उलटून दुसरं, मग तिसरं, मग चौथं. मशीन किंचाळत होतं, भुसा कानात, नाकात, आणि माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पहिल्याच फेरीत दोन्ही फुल्या भुशात गेल्या असणार. मला त्या जाताना दिसल्याही नाहीत. बाहेर आलेलं लाकूड चाचा धरायचे आणि भिंतीला टेकवायचे, कधी या टोकावर, कधी त्या. अकराला पाच कमी असताना सगळं झालं. मी घाम पुसला आणि चाचांना म्हणालो, "पाहा, कसं काम केलं!" चाचांनी मान डोलावली. लाइट गेली.

घरी आल्यावर बाबांनी बाह्या गुडघ्यावर घेतल्या. हात फिरवला. "मस्त झालं रे," ते म्हणाले. मग म्हणाले, "बुंधा कोनता?"

मी बाह्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. चारही अंगं स्वच्छ. टोकं दोन्हीकडून आऱ्याने कापलेली, सारखीच.

"फुली पुसली बाबा."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "काही हरकत नाही. मी पाह्यतो."

एक बाही लगेच सुटली. तिच्यात एक गाठ होती, फांदीची. फांदी जिकडे झुकते तिकडे शेंडा, त्यांच्या अंगठ्याने ते पटकन ओळखलं. "हे इकडून." दुसऱ्या बाहीत गाठ नव्हती. त्यांनी तळहात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला. उलटा आणला. पुन्हा नेला. मशीनने दोन्हीकडून सारखंच केलं होतं. त्यांनी हात धोतराला पुसला, पुन्हा फिरवला. बोटांची टोकं लावून पाहिली. मग मनगटाची आतली बाजू. टोकांचा वास घेतला. गालाला लावून पाहिलं. मी समोर उभा. ऊन छपराच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकलं आणि ते तिथेच बसून होते.

"मले नाही समजून राह्यलं," शेवटी ते म्हणाले.

माझ्या बापाच्या तोंडून लाकडाबद्दल हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं नाही, त्या बाहीकडे पाहून म्हटलं. मला वाटलं कोणीतरी मला मारावं.

मी मोपेड काढून आरा मशीनवर धावलो. मयालीच्या कडेच्या ढलप्या मिळाल्या तर जोडून पाहता येईल, असं डोक्यात आलं होतं. ढलप्या सकाळीच जळणाला गेल्या होत्या. चाचांकडे गेलो. त्यांनी भुसा नालीत लोटला होता. त्यांना सांगितलं तर ते खाली बसले आणि म्हणाले, "मी तं धरत होतो भाऊ. तू बोलला असता तं मी एका बाजूनं ठेवलं असतं." त्यांचंही खरं होतं. बोलायचं मीच होतं. नंतर किती साधा उपाय सुचला म्हणून सांगू! आऱ्याने कापलेल्या टोकावर, जिथे मशीनचं पातं जात नाही, तिथे पटाशीने एक खाच मारायची. एक खाच. मी दोन पानं प्रश्न लिहिले होते आणि हे सुचलं नव्हतं.

घरी बाबा म्हणाले, "तिले सांगून दे."

आणि मी भांडलो. मला अजून माझे शब्द आठवतात. "कायले सांगाचं? कोन पाह्यते? आर्धा चान्स हाये का ते बरोबरच हाये. तिच्यापाशी दुसरं लाकूड नाही, लेकानं दिवस ठरवला, पाहुणे बोलावले. आन तुमी सांगान का वाढयाले बुंधा समजत नाही?" शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं. बाबांनी हुं हुं सुद्धा केलं नाही. त्यांनी बाही हळूच खाली ठेवली, ज्या बाजूने उचलली होती त्याच बाजूने. मग मी तिचं कडुनिंबाकडे आलेलं टोक बुंधा धरून चौकट जोडली.

तांड्यावर त्या सकाळी पंधरावीस माणसं असतील. चौकट उभी केली, ओळंबा लावला, दगड भरले. बाबांना मी मोपेडवर मागे बसवून नेलं होतं. याडी नवं लुगडं नेसून आली, हातात तांब्या. डोक्यावरून पदर घेतला. पहिल्या बाहीच्या पायाशी पाणी घातलं, मग दुसरीच्या. बाबा त्या दुसऱ्या, बिनगाठीच्या बाहीला लागूनच उभे होते. त्यांनी बाहीवर हात ठेवलेला होता.

"वाढईबावा," याडी म्हणाली, "झाड उभं हाये का?"

बाबांचा हात बाहीवर खालून वर गेला, वरून खाली आला. मला माहीत होतं की त्यांना काहीच कळत नाहीये. त्या गर्दीत ते फक्त मलाच माहीत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. "याडी, चूक झाली" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी हातातल्या ओळंब्याचा दोरा गुंडाळत बसलो.

बाबांनी मान माझ्या दिशेने वळवली. त्या डोळ्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी कुठे उभा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"उभं हाये," ते म्हणाले.

याडीने हळदकुंकू लावलं, बाबांना नारळ आणि शेला दिला, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ते मागे सरकायला गेले, पण मागे भिंत होती. येताना मोपेडवर त्यांनी नेहमीसारखा माझ्या खांद्याला हात धरला नाही. सीटच्या मागची दांडी धरून बसले. मी दोनदा म्हणालो, "बाबा, नीट धरा." ते म्हणाले, "धरलं हाये."

त्यानंतर बाबांनी लाकडाला हात लावला नाही. रागावले नाहीत, जेवण सोडलं नाही, माझ्याशी बोलणं सोडलं नाही. नुसतं छपराखाली यायचं सोडलं. कडुनिंबाच्या पलीकडे, छपराकडे पाठ करून खाट टाकायचे. लोक सवयीने त्यांच्याकडेच जायचे, जुनं लाकूड समोर धरायचे, म्हणायचे, "वाढईबावा, बुंधा सांगा." ते दोन्ही हात काखेत घालायचे आणि म्हणायचे, "माह्या पोराले इचारा."

लोक माझ्याकडे यायचे. मी लाकूड हातात घेऊन हात फिरवायचं नाटक करायचो, मग म्हणायचो, "याचं सांगता येत नाही, नवं आणा." हळूहळू लोक चौकटी सिमेंटच्या नाहीतर लोखंडाच्या घ्यायला लागले. सिमेंटला बुंधा नसतो. माझ्या मशीनला पुन्हा दिवाणच उरले.

दोन पावसाळे गेले आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की उघड्यावर पडलेली मशीनची फळी पुन्हा खडबडीत होते. पाणी, ऊन, पाणी, ऊन, त्याने लाकडाच्या रेषा वर येतात. आमच्या छपराबाहेर विसरलेली एक फळी मी गुपचूप बाबांच्या खाटेवर ठेवली. तासाभराने पाहिलं तर त्यांचा एक हात तिच्यावर होता. मला चाहूल लागू न देता ते हात फिरवत होते. मी जवळ गेल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

"बाबा," मी म्हणालो, "तांड्यावर जाऊ. आता ते बाही सांगन तुमाले. पावसात भिजली असन. उलटी असन तं मी स्वखर्चानं बदलून देतो, तिले काही कारण सांगून देऊ."

ते बराच वेळ खाटेच्या सुतळीशी खेळत राहिले.

"म्या सांगतलं न तिले," ते म्हणाले. "सांगून झालं आन मंग पाहाले जाऊ? कोन्या तोंडानं?"

मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. अंथरुणात आठ दिवस होते. शेवटी शेवटी त्यांचा हात गोधडीवर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत असायचा. माझ्या बायकोला वाटायचं त्यांना थंडी वाजते. ती दुसरी गोधडी घालायची.

त्यांच्या तेरवीनंतर मी एकटा तांड्यावर गेलो. भर दुपार होती, सगळे शेतात, याडी तेवढी ओट्यावर सरकी निवडत बसलेली. मी तिला काही तरी कारण सांगितलं, दाराचं बिजागर पाहायला आलो म्हणून. ती बिनगाठीची बाही पायाशी चांगली करडी पडली होती. पावसाने धुऊन, उन्हाने वाळून, रेषा अशा वर आल्या होत्या की डोळ्यांनी दिसत होत्या. मी खाली बसलो. तळहात ठेवला. डोळे मिटले, बाबांसारखे. खालून वर नेला. वरून खाली आणला. पुन्हा नेला. धोतराला पुसायचं होतं, धोतर नव्हतं, पँटला पुसला. पुन्हा आणला. ती बाही सांगत असणार. नक्की सांगत होती. माझ्या हाताला नुसतं लाकूड लागत होतं.

"काय पाहून राह्यला बाबू?" याडीने विचारलं.

"काही नाही याडी. लाकूड कसं टिकलं ते पाह्यतो."

"टिकन नाही तं काय," ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवलं. "तुह्या बावानं सांगतलं होतं न, झाड उभं हाये."

मी हात काढून घेतला.